टीम राहिली, मग पुढे? सॅक्रामेंटो किंग्ज, रणदिवे आणि फॅन्सच्या दोन वह्या

15 मे 2013 ला आमच्या ऑफिसात कोणी काम केलं असेल असं मला वाटत नाही. मी तेव्हा सॅक्रामेंटोजवळ फोल्समला होतो, कॉन्ट्रॅक्टवर गेलेला, बास्केटबॉलचं ज्ञान म्हणजे शाळेच्या ग्राउंडवर दोन रिंगा होत्या एवढंच. माझ्या शेजारच्या डेस्कवर एक वयस्कर सहकारी बसायचा, त्याच्या मॉनिटरखाली एक घंटा ठेवलेली असायची, आपल्याकडे बैलाच्या गळ्यात असते तशीच पण चेपट्या पत्र्याची आणि आवाज एकदम कर्कश. लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमचा कोच फिल जॅक्सन एकदा सॅक्रामेंटोला गुराढोरांचं गाव म्हणाला होता, तेव्हापासून तिथले लोक मॅचला गायीच्या घंटा घेऊन जायचे आणि लेकर्सच्या कानाशी वाजवायचे. तर त्या दिवशी डॅलसमध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, टीममालकांचं मतदान होतं, किंग्ज टीम सिएटलला जाणार की इथेच राहणार यावर, आणि निकाल आला 22 विरुद्ध 8, टीम हलणार नाही. त्या माणसाने घंटा उचलली, वाजवली नाही, नुसती दोन्ही हातांत धरून बसला, आणि मग मला म्हणाला की ते नाव नीट कसं म्हणायचं ते आता तू शिकव.

ते नाव म्हणजे रणदिवे. विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, शिक्षण एमआयटीला, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढलेला आणि तोवर गोल्डन स्टेट वॉरियर्स या दुसऱ्या एनबीए टीममध्ये भागीदार असलेला माणूस. मी व्हाइटबोर्डवर फोड करून लिहून दिलं, पण त्याला काही केल्या ण जमेना. मला मात्र परमुलखात अचानक गाववाला भेटावा तसं झालं होतं, आणि पुढची बारा वर्षं मी ही टीम, तिचे फॅन्स आणि हा मालक यांचं नातं जवळून बघत आलोय, आधी तिथे राहून आणि नंतर पुण्यातून पहाटे उठून. त्यावरच हे प्रकरण लिहितोय, कारण नवीन मालक आला की फॅन्स कसे वागतात याबद्दल आपल्याकडे एक ढोबळ समज आहे, की जिंकला तर देव आणि हरला तर चोर. सॅक्रामेंटोत मी बघितलं ते असं नव्हतं. तिथल्या फॅन्सच्या मनात मालकाच्या नावाने दोन वेगळ्या वह्या होत्या, एक टीम ठेवल्याची आणि एक टीम चालवल्याची, आणि एका वहीतली जमा त्यांनी दुसरीत कधी वळती करून दिली नाही.

आधी हे समजायला पाहिजे की टीम जाण्याची भीती तिथे कशी होती. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, पण सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिससमोर कायम धाकट्या भावासारखी, आणि मोठ्या लीगची टीम त्यांच्याकडे एकच, किंग्ज. ती पण 1985 ला कॅन्सस सिटीहून उचलून आणलेली, म्हणजे टीम उठून जाऊ शकते हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं कारण ती तशीच उठून त्यांच्याकडे आली होती. शहराने ती अशी लावून धरली की क्लबने सहा नंबरची जर्सी फॅन्सच्या नावाने रिटायर केली, मैदानावर पाच खेळाडू आणि सहावे तुम्ही, या अर्थाने.

मालूफ भाऊ 1999 ला टीमचे मुख्य मालक झाले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, हे आज कोणाला सांगितलं तर पटत नाही. क्रिस वेबर, व्लादे दिवाच, पेजा स्टोयाकोविच, काय टीम होती ती, 2002 ला लेकर्सबरोबर पश्चिम विभागाच्या फायनलची, म्हणजे कॉन्फरन्स फायनलची, सातवी मॅच घरच्या मैदानावर ओव्हरटाइमला गेली आणि हरली, अजून तिथे त्या सिरीजचा विषय काढला की लोक गप्प होतात. मालूफ कोर्टाशेजारी बसायचे, फॅन्समध्ये मिसळायचे, घरचेच वाटायचे. मग जुनं अरीना मोडकळीला आलं, नवं बांधायला पैसा कोणाचा यावर वर्षानुवर्षं घोळ, 2006 ला विक्रीकर वाढवून अरीना बांधायचा प्रस्ताव मतदारांनी साफ झोपवला, मालूफांच्या लास वेगासच्या कॅसिनोच्या धंद्याला ओहोटी लागली, आणि 2011 मध्ये टीम अनाहाइमला न्यायची तयारी सुरू झाली.

13 एप्रिल 2011 ची सीझनमधली शेवटची मॅच, समोर परत लेकर्सच. ही मी स्वतः बघितलेली नाही, तेव्हा मी पुण्यातच होतो, पण त्या सहकाऱ्याने मला इतक्यांदा सांगितलीय की मला खुर्च्यांचा रंगसुद्धा आठवतो असं वाटतं. सगळ्यांना खात्री होती की ही सॅक्रामेंटोतली शेवटची मॅच. किंग्जनी मोठी पिछाडी भरून काढली, शेवटी कोबी ब्रायंटने थ्री मारून बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये टीम हरली, आणि मॅच संपली तरी लोक उठेनात. कॉमेंट्री करणारे रडले. लोक खुर्च्यांवर बसून ओरडत राहिले, हिअर वी स्टे, आम्ही इथेच राहणार. माझा हा सहकारी त्या रात्री बायकोला म्हणाला की चल आता, आणि ती म्हणाली तू जा, मी बसते.

तेव्हाचा महापौर केविन जॉन्सन, स्वतः जुना एनबीए खेळाडू, याच शहरात जन्मलेला. त्याने लीगकडून एक वर्षाची मुदत मिळवली. 2012 ला अरीनाचा करार झाला म्हणून सगळे नाचले आणि दोन महिने व्हायच्या आत मालूफ त्यातून मागे फिरले. मग जानेवारी 2013 मध्ये बातमी आली की मालूफांनी 65 टक्के हिस्सा क्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टचा स्टीव बाल्मर यांच्या गटाला विकायचं ठरवलंय, टीमची किंमत धरली 52.5 कोटी डॉलर, आणि टीम जाणार सिएटलला. वरून 3 कोटी डॉलरचं परत न मिळणारं डिपॉझिट पण देऊन झालेलं.

इथे सिएटलबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण त्या लोकांना खलनायक ठरवणं मला कधीच पटलं नाही. त्यांची सॉनिक्स टीम 41 वर्षं त्यांच्याकडे होती, 2006 ला ती ओक्लाहोमाच्या गटाला विकली गेली, आम्ही इथेच ठेवायचा प्रयत्न करू असं नवे मालक म्हणाले, आणि 2008 ला टीम ओक्लाहोमा सिटीला गेली. म्हणजे ज्यांचं घर लुटलं गेलं तेच आता दुसऱ्याच्या दारात उभे होते, आणि सॅक्रामेंटोच्या फॅन्सना सिएटलमध्ये स्वतःचं उद्या दिसत होतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. नवीन मालकाच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा हा प्रश्न तिथे हवेतून आलेला नव्हता, सिएटलने तो शिकवला होता.

फॅन्सनी तेव्हा केलं ते साधं होतं पण नेमकं होतं. लीगला दाखवायचं होतं की या गावात बाजारपेठ आहे, म्हणून पुढच्या सीझनची तिकिटं आम्ही घेऊ असं टीम कोणाची होणार हेही ठरलेलं नसताना लोकांनी आधीच लिहून दिलं, हिअर वी बाय म्हणून मोहीमच निघाली. रेडिओवरचा एक होस्ट, कार्माइकल डेव नावाने ओळखला जाणारा, गाडी घेऊन देशभर फिरला. स्थानिक धंदेवाल्यांनी शब्द दिले. आणि महापौर एकीकडे खरेदीदार शोधत होता, त्यात मार्च 2013 मध्ये रणदिवे पुढे आले आणि गटाचे प्रमुख झाले. एप्रिलमध्ये लीगच्या स्थलांतर समितीने सात विरुद्ध शून्याने टीम हलवू नये अशी शिफारस केली, मेमध्ये ते 22 विरुद्ध 8 झालं, आणि महिना संपायच्या आत विक्री पक्की झाली. टीमची किंमत 53.5 कोटी डॉलर, तेव्हाच्या एनबीएतला विक्रम, 65 टक्क्यांचे साधारण 34.8 कोटी. सिएटलने त्याहून जास्त किमतीची तयारी दाखवली होती तरी टीम राहिली.

म्हणून रणदिवेंच्या स्वागतात जी ऊब होती ती त्यांच्या बास्केटबॉलच्या ज्ञानासाठी नव्हती हे मी ठामपणे म्हणतो. त्या स्वागताचा अर्थ होता, तू आलास म्हणून ते गेले नाहीत. 30 ऑक्टोबर 2013 ची पहिली मॅच, डेन्व्हरविरुद्ध, मी त्या जुन्या अरीनात सगळ्यात वरच्या भागात बसलो होतो. किंग्ज 90-88 ने जिंकले, डिमार्कस कझिन्सने 30 पॉइंट मारले, पण मला आठवतं ते वेगळंच. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई आपल्या मुलाला मॅचऐवजी छत दाखवत होती, हे बघून ठेव म्हणून, कारण नवं अरीना आता डाउनटाउनला होणार आणि हे जाणार. दोन वर्षांपूर्वी याच इमारतीत लोक टीमला निरोप द्यायला बसले होते, आता निरोप इमारतीला होता आणि टीम खाली खेळत होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शकील ओनील छोटा भागीदार म्हणून आला. हा तोच माणूस ज्याने लेकर्समध्ये असताना किंग्जना क्वीन्स म्हणून हिणवलं होतं. आणि लोकांनी त्याला किंग्जची जांभळी जर्सी धरून उभं राहिलेलं बघितलं आणि माफ केलं, इतका त्या वर्षी सगळ्यांचा जीव भांड्यात पडलेला होता.

पण हे पण खरं की अख्खं शहर फॅन नव्हतं. अरीनाचा खर्च शेवटी साडेपाचशे मिलियन डॉलरच्या वर गेला, त्यातला साधारण 255 मिलियनचा वाटा शहराचा, मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नावर कर्ज उभारून. आमच्याच ऑफिसातली एक बाई, ओक पार्कला राहणारी, मला म्हणाली होती की लायब्ररीचे तास कापतात आणि अब्जाधीशाला अरीना बांधून देतात, तिचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. मतदान घ्या म्हणून सह्यांची मोहीम झाली, आणि ऑगस्ट 2013 मध्ये उघड झालं की त्या सह्या गोळा करायला मागून पैसे सिएटलच्या हॅन्सनने दिले होते, त्याने नंतर माफी मागितली आणि दंडही भरला. याचा परिणाम वाईट झाला. ज्यांचा विरोध प्रामाणिक होता त्यांनाही फॅन्स सिएटलचे हस्तक म्हणायला लागले, आणि खर्चाबद्दल जी मोकळी चर्चा व्हायला हवी होती ती झालीच नाही. अर्ज तांत्रिक चुकांवर कोर्टात पडला, मे 2014 ला कौन्सिलने 7 विरुद्ध 2 ने मंजुरी दिली. मी स्वतः टीम राहावी या बाजूचा होतो, पण टीम वाचवण्याच्या घाईत शहराने किंमत किती द्यायची हा प्रश्न प्रेमाच्या जोरावर दाबला गेला असं मला आज वाटतं.

आता दुसरी वही. नवा मालक उत्साही होता, नव्या गोष्टी आणत होता, जानेवारी 2014 मध्ये बिटकॉइन घेणारी किंग्ज ही पहिली मोठी व्यावसायिक टीम झाली, गूगल ग्लास घालून खेळाडू वॉर्मअप करत होते. फॅन्सना याचं कौतुक होतं पण सहकारी रोज सकाळी एकच विचारायचा, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत येणारा बॉल, कोण घेणार? चार जणांनी डिफेन्स करायचा आणि एकाने समोरच्या बास्केटजवळ थांबायचं अशी कल्पना मालकाने मांडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा लोक पहिल्यांदा अस्वस्थ झाले. रणदिवेंनी पूर्वी मुलीच्या शाळकरी टीमला कोचिंग करताना पूर्ण कोर्टभर दाब टाकायची युक्ती वापरून मोठ्या टीमना हरवलं होतं, ती गोष्ट तिथे सगळ्यांना माहीत होती, आणि पूर्वी कौतुकाने सांगितली जाणारी तीच गोष्ट आता लोक काळजीने सांगायला लागले.

खरी ठिणगी पडली डिसेंबर 2014 ला. कोच माइक मलोन, ज्याच्यावर कझिन्सचा विश्वास होता, सीझन चांगला सुरू झालेला, मग कझिन्सला मेनिंजायटिस झाला आणि टीम घसरली, आणि 11 विजय, 13 पराभव असताना मलोनला काढलं. त्या सकाळी आमच्या ऑफिसात जी शांतता होती ती टीम हरल्यावरची नव्हती. सहकारी म्हणाला, मालूफांनी आम्हाला फसवलं तेव्हा राग आला होता, हा आपला माणूस आहे म्हणून जास्त लागतंय. मला ते फार आपल्याकडचं वाटलं, परक्याने मारलं तर आपण सोडून देतो, घरच्याने नुसतं ओरडलं तरी आठवडाभर लक्षात ठेवतो. पुढे मलोन डेन्व्हरला गेला आणि 2023 ला तिथे चॅम्पियन झाला.

त्यानंतरची वर्षं मी भरभर सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं आनंदाचं फार नाही. कोच बदलत राहिले. फेब्रुवारी 2017 मध्ये कझिन्सला न्यू ऑर्लीन्सला देऊन टाकलं, ते पण लीगच्या निवडक स्टार खेळाडूंची ऑल स्टार मॅच असते त्या रविवारी. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, दुसऱ्या नंबरवर मार्विन बॅगली घेतला आणि पुढे मोठा स्टार झालेला लुका डोन्चिच हातचा सोडला. प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, 2006 नंतर नाहीच, सलग 16 सीझन, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ, त्यातले नऊ रणदिवेंच्या काळातले. आणि तरीही, मला हेच लोकांना समजावून सांगावंसं वाटतं, टीमचा कारभार बघून दात-ओठ खाणारा तोच फॅन ऑक्टोबर 2016 ला डाउनटाउनमधलं गोल्डन वन सेंटर उघडलं तेव्हा दारात रांगेत होता. आता हे जाऊ शकत नाही, म्हणायचा, आणि भिंतीला हात लावायचा.

एक रात्र मात्र मी घाईत सांगणार नाही. मार्च 2018, सॅक्रामेंटोत स्टीफन क्लार्क नावाच्या निःशस्त्र काळ्या तरुणाला पोलिसांनी त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या, आणि 22 मार्चला निदर्शकांनी अरीनाची दारं अडवली. हजारो लोक बाहेर राहिले, आत तुरळक प्रेक्षकांसमोर मॅच झाली. मॅचनंतर रणदिवे कोर्टवर माइक घेऊन उभे राहिले, मागे खेळाडू, आणि निदर्शकांवर एक शब्दही न रागावता म्हणाले की जे झालं ते भयंकर आहे आणि असं परत होऊ नये म्हणून आपल्या हातात आहे ते आपण करू. मी पुण्यात फोनवर ते बघितलं. मलोनच्या वेळी मालकाला शिव्या घालणाऱ्या सहकाऱ्याने मला रात्री एका ओळीचा मेसेज केला होता, आज मला अभिमान वाटतोय. ही नोंद त्याने पहिल्याच वहीत केली असणार, कारण दुसऱ्या दिवशी रोटेशनवर, म्हणजे कोणाला किती वेळ खेळवलं यावर, तक्रार होतीच.

मुंबईचा धागा 2019 ला जुळला. 4 आणि 5 ऑक्टोबरला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्या दोन प्रदर्शनी मॅचेस झाल्या, भारतातल्या पहिल्याच एनबीए मॅचेस, पहिलीला प्रेक्षक म्हणून शाळेची मुलं भरलेली. पहिली ओव्हरटाइममध्ये 132-131 ने पेसर्स जिंकले. आमच्या घरी टीव्हीवर आईने विचारलं की हा रणदिवे आपल्यातला का, आणि मी हो म्हणालो, आणि मग ती शेवटपर्यंत किंग्जच्या बाजूने बघत बसली. पण सॅक्रामेंटोतले कितीतरी फॅन्स तेव्हा म्हणत होते की सीझनच्या तोंडावर एवढा प्रवास कशाला. मालकासाठी ती घरवापसी होती, फॅनसाठी दमलेले पाय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मग आलं 2022-23. माइक ब्राउन कोच, डिएरन फॉक्स आणि डोमांटस सबोनिस, 48-34, पश्चिमेत तिसरा नंबर. जिंकलं की अरीनाच्या छतावरून जांभळा लेझर आभाळात सोडायचे, आणि लोक ओरडायचे, लाइट द बीम. 15 एप्रिल 2023, वॉरियर्सविरुद्ध पहिली प्लेऑफ मॅच, 126-123 ने जिंकली. आपल्याकडे रविवारची सकाळ, सहकाऱ्याने व्हिडिओ कॉल केला, तो डाउनटाउनच्या रस्त्यावर, आवाज इतका की काही ऐकू येईना, मग त्याने फोन वर केला आणि मला नुसता तो जांभळा पट्टा दिसला आणि त्या घंटेचा आवाज आला, दहा वर्षांत मी पहिल्यांदा ती वाजलेली ऐकली. सिरीज सातव्या मॅचला हरले, स्टेफ करीने 50 मारले, तरी त्या दिवशी कोणी रागावलं नाही.

आणि दीड वर्षात परत तेच. डिसेंबर 2024 मध्ये ब्राउनला काढलं, फेब्रुवारी 2025 मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, आणि मलोनने डेन्व्हरमधून जाहीरपणे सुनावलं की त्यालाही याच मालकाने काढलं होतं. फॅन्सची भाषा या वेळी जास्त कडक होती. पूर्वी अनुभव नाही म्हणून सोडून द्यायचे, आता बारा वर्षं झाली आहेत. मला पण वाटतं की कोचला वेळ न देणं ही या मालकीची सगळ्यात महाग पडलेली सवय आहे, आणि आडनाव आपलं आहे म्हणून मी ते लपवून बोलणार नाही.

सगळ्यात अवघड पान मात्र बास्केटबॉलचं नाहीच. 2025 पासून ओकलंडची बेसबॉल टीम, अ‍ॅथलेटिक्स, वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या स्टेडियममध्ये खेळते, लास वेगासला जाईपर्यंत, आणि ते स्टेडियम ज्या टीमचं घर आहे त्या रिव्हर कॅट्स या छोट्या लीगच्या बेसबॉल टीममध्ये मुख्य हिस्सा किंग्जच्या मालकीचा. म्हणजे ज्या शहराने टीम जाऊ नये म्हणून जिवाचं रान केलं तिथेच आता दुसऱ्याची उठून आलेली टीम मुक्कामाला. काही जण म्हणतात मोठी लीग आपल्या गावात आली, चांगलंच आहे, उद्या आपली स्वतःची बेसबॉल टीम मिळेल. सहकारी आता रिटायर झालाय, त्याच्या घरापासून ते स्टेडियम वीस मिनिटांवर. मी विचारलं गेलास का. म्हणाला नातवाने दोनदा हट्ट केला, एकदा गाडीत बसलो पण होतो, पुलापर्यंत गेलो, तिकडून ओकलंडची हिरवी टोपी घातलेला एक माणूस एकटाच चालत येताना दिसला आणि मी गाडी वळवली. नातवाला नदीकाठी आइस्क्रीम दिलं. किंग्जची सीझन तिकिटं मात्र त्याने याही वर्षी रिन्यू केली आहेत, दोन, बायकोची खुर्ची धरून.